रात्री जेवलो नाही, तरी सकाळची साखर वाढलेली कशी?

नमस्कार श्रोतेहो.

ठाण्यात आणि नवी मुंबईत नोकरी करणाऱ्या बऱ्याच जणांची वर्षातून एकदा कंपनीतर्फे आरोग्य तपासणी होते. ऐरोली, महापे, रबाळे, वागळे इस्टेट, कुठंही विचारा. काही दिवसांनी रिपोर्टची फाईल हातात येते आणि सोनोग्राफीच्या पानावर एक ओळ असते, ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठू लागली आहे, पहिली पायरी. ती इतक्यांच्या फाईलमध्ये असते की वाचून आता कुणी दचकत नाही. ‘हल्ली सगळ्यांनाच असतं’ म्हणायचं आणि फाईल कपाटात ठेवायची. मी ठाण्यात फिजिशियन म्हणून काम करते. आज मला त्या एका ओळीबद्दलच बोलायचं आहे, कारण मधुमेहाची पहिली चाहूल अनेकदा तिथंच लागलेली असते, आणि तेव्हा बरंच काही आपल्या हातात असतं.

लठ्ठपणा म्हटलं की आपण वजनकाट्याकडे बघतो. चरबी किती आहे यापेक्षा ती कुठं साठली आहे हे शरीराला जास्त महत्त्वाचं असतं. तिची नेमलेली जागा म्हणजे त्वचेखालचा थर. तिथल्या मेदपेशी जास्तीची ऊर्जा चरबीच्या रूपात साठवतात आणि उपाशीपोटी ती परत देतात. शिवाय साठा किती आहे हे त्या मेंदूलाही कळवतात. हा निरोप नेणारं लेप्टिन नावाचं संप्रेरक 1994 साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं, पण मेंदू त्याला पुरेसा प्रतिसाद देईनासा होतो, आणि साठा असूनही भूक आवरत नाही. अशा माणसाला ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणून हिणवणं अन्यायाचं आहे, आणि आपल्या घरांमधून हे फार सहज बोललं जातं.

वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये गाळे भरले की माल पॅसेजमध्ये, रस्त्याच्या कडेला, मिळेल तिथं रचावा लागतो. शरीरातही तेच होतं. मेदपेशी फुगून फुगून त्यांची मर्यादा संपली की त्यांच्याभोवती रोगप्रतिकारक पेशी जमतात, हलका दाह धुमसत राहतो आणि चरबी रक्तात सुटू लागते. मग ती पोटात आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये, स्नायूंमध्ये आणि स्वादुपिंडात जाऊन बसते. या अवयवांची कामं वेगळी आहेत, साठवण हे त्यांचं काम नव्हे.

आपल्या लोकांमध्ये ही मर्यादा लवकर संपते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलं आहे. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के! वजनकाटा दोघांना एकच सांगत होता, शरीरं मात्र वेगळी होती. डॉ. याज्ञिकांच्या अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं सरासरी 2.7 किलोची होती आणि इंग्लंडमधली 3.5 किलोची. आपली बाळं स्नायूंनी बारीक होती, पण चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. म्हणून हातापायांनी काटकुळ्या आणि पोट थोडं सुटलेल्या माणसानं ‘मी कुठं जाडा आहे?’ असं म्हटलं, तर मी आधी टेप काढते.

आता लिव्हरकडे येऊ. इथं मला थोडा वेळ थांबायचं आहे.

आपण झोपलेले असताना मेंदूला साखर लागतच असते. ती लिव्हर पुरवतं. साठ किलोच्या माणसाचं लिव्हर रात्रभर ताशी साधारण सात ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडत असतं. जेवण झालं की इन्सुलिन वाढतं आणि लिव्हरला सांगतं की आता बाहेरून साखर आली आहे, तू बनवणं थांबव आणि आलेली साठव. लिव्हरमध्ये चरबी जमली की हा आदेश नीट पोहोचत नाही. जेवल्यावरही ते साखर बनवत राहतं आणि रात्री गरजेपेक्षा जास्त सोडतं. माझ्याकडे येणारे पेशंट नेहमी विचारतात, ‘डॉक्टर, काल रात्री जेवलोच नाही, तरी सकाळची साखर वाढलेली कशी?’ ती साखर ताटातली नसते. ती लिव्हरनं बनवलेली असते.

यातली विलक्षण गोष्ट पुढेच आहे. इन्सुलिनचे लिव्हरला दोन आदेश असतात, साखर बनवणं थांबव आणि जास्तीची ऊर्जा चरबीत बदल. बिघडलेलं लिव्हर पहिला आदेश मानत नाही, पण दुसरा तत्परतेनं पाळतं. साखर आवरायला स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, त्या जास्तीच्या इन्सुलिननं लिव्हर आणखी चरबी बनवतं, आणि त्या चरबीनं पहिला आदेश आणखी कानाआड होतो. हीच चरबी रक्तात आली की रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड वाढलेलं आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, कमी झालेलं दिसतं. फॅटी लिव्हर, साखर आणि कोलेस्टेरॉल, तीन वेगवेगळ्या पानांवरच्या तीन ओळी, पण गोष्ट एकच. त्यांच्यासाठी तीन गोळ्या लिहून देणं सोपं आहे. ती एक गोष्ट पेशंटला समजावून सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं.

हे व्हायला वर्षं लागतात असं नाही. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या एका प्रयोगात उंदरांना फक्त तीन दिवस खूप तेलकट आहार दिला गेला. शरीरात इतरत्र फारसा फरक पडण्याआधीच त्यांच्या लिव्हरमधली चरबी कितीतरी वाढली आणि लिव्हर इन्सुलिनला दाद देईनासं झालं. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, पण सगळ्यात आधी लिव्हर बिघडतं हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. साखरेचंही तसंच. आपल्या चहातल्या साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि त्याची विल्हेवाट मुख्यतः लिव्हरलाच लावावी लागते. जास्त झालं की त्याची तिथंच चरबी होते. दिवसाचे पाच-सहा कटिंग, वर थंड पेय, वर संध्याकाळी पाकिटातला ज्यूस हा भार कुणी मोजत नाही, कारण त्याला आपण जेवण म्हणत नाही.

स्नायूंचं काम वेगळं आहे. इन्सुलिन वाढल्यावर रक्तातली बहुतांश साखर उचलून घेतात ते स्नायूच. स्नायूंच्या पेशींमध्ये ग्लूट-4 नावाची प्रथिनं असतात. इन्सुलिनचा इशारा मिळाला की ती पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. पेशीत चरबीचे कण साचले की हा इशारा क्षीण होतो आणि साखर रक्तातच राहते. पण स्नायू आकुंचन पावत असताना ग्लूट-4 इन्सुलिनशिवायही वर येतात! जेवणानंतर चालायला सांगतात त्यामागचं एक मोठं कारण हे आहे. इन्सुलिनला दाद न देणारा स्नायूही चालताना साखर घेतो.

स्वादुपिंड वर्षानुवर्षं जादा इन्सुलिन पुरवत राहतं, म्हणून साखरेचे आकडे बराच काळ ठीक दिसतात. त्याच्या पेशींमध्येही चरबी साचून ते थकलं की आकडे चढू लागतात. मधुमेहाचं निदान होतं तेव्हा इन्सुलिन बनवण्याची क्षमता साधारण निम्म्यावर आलेली असते. हृदय आणि मूत्रपिंड यांनाही हे सगळं सोसावं लागतं. हृदयाभोवती चरबीचा थर जाड होतो, मूत्रपिंडांना गरजेपेक्षा जास्त रक्त गाळावं लागतं. त्यांच्याबद्दल स्वतंत्र बोलायला हवं.

चरबी भरण्याचा जसा क्रम आहे, तसा ती सुटण्याचाही आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या रॉय टेलर यांनी 2011 साली मधुमेह असलेल्या काही जणांना आठ आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला. पहिल्या सात दिवसांतच लिव्हरमधली चरबी उतरली आणि सकाळची साखर जवळपास सामान्य झाली. स्वादुपिंडाला मात्र पूर्ण आठ आठवडे लागले. पुढे त्यांच्या मोठ्या अभ्यासात, ज्यांनी 15 किलो किंवा अधिक वजन उतरवलं त्यांच्यापैकी 86 टक्के लोकांची साखर वर्षभरानंतर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. आणखी एका अभ्यासात बीएमआय 27 पेक्षा कमी असलेले लोक घेतले होते. त्यांच्यातही 20 पैकी 14 जणांना हे साधलं. आपल्यासारख्या बारीक दिसणाऱ्या लोकांसाठी मला हा शेवटचा अभ्यास फार मोलाचा वाटतो. एक मात्र कळकळीनं सांगते, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना असा कडक आहार मनानं सुरू करू नका. साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

ज्यांना अजून मधुमेह नाही, फक्त ती ग्रेड वनची ओळ आहे, त्यांना इतकं टोकाला जावं लागत नाही. वजनाच्या सात ते दहा टक्के, म्हणजे सत्तर किलोच्या माणसानं पाच ते सात किलो उतरवले की लिव्हरमधली चरबी लक्षणीय कमी होते. यासाठी मिसळ आयुष्यातून हद्दपार करायची गरज नाही. मात्र तेलाचा हिशेब ठेवा. चौघांच्या घरात महिन्याला तीन किलोच्या आसपास तेल पुरायला हवं, आणि बाहेरून मागवलेलं त्यातच धरायचं. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती रात्रीच्या जेवणाची. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून किंवा उशिराच्या लोकलनं घरी पोहोचून साडेदहाला भरपेट जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं. तेच अन्न रात्री उशिरा खाल्लं तर साखर जास्त चढते. शक्य असेल त्यांनी डब्यातली एक पोळी-भाजी सात वाजता ऑफिसातच खाऊन निघावं आणि घरी फक्त आमटी-कोशिंबीर घ्यावी. आणि जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चाला, तलावपाळीला, कचराळी तलावाला, वाशीच्या मिनी सीशोरला किंवा सोसायटीच्या आवारातच.

घरी टेप असेल तर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, पोटाचा घेर मोजा. पोट आत ओढायचं नाही. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा आहे. आणि ती कपाटातली फाईल घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर त्यांना ‘फिब-4’ काढायला सांगा, लिव्हर कडक होण्याचा धोका किती हे सांगणारा तो आकडा. वय, एसजीओटी आणि एसजीपीटी या लिव्हरच्या दोन रक्ततपासण्या आणि प्लेटलेट या चार गोष्टींवरून तो निघतो. त्या तपासण्या बहुधा तुमच्या फाईलमध्ये आधीच असतात, वेगळा खर्च नाही. आकडा 1.3 च्या खाली असेल तर लिव्हर कडक होण्याचा धोका सध्या कमी आहे. वर असेल तर पुढची तपासणी, म्हणजे लिव्हर किती कडक झालं आहे ते मोजणारा फायब्रोस्कॅन, लांबवू नका.

नमस्कार.