स्वभावाला औषध नाही म्हणे

अध्यक्ष, संयोजक आणि आज पाण्याचा दिवस असतानाही इथं येऊन बसलेली मंडळी, नमस्कार. तुमच्यातले निम्मे लोक घरी कुणाला तरी नळाजवळ बसवून आलेत, ते चेहऱ्यांवरून कळतंय. पत्रिकेत विषय छापलाय 'स्वभाव, नाती आणि शिकणं'. विषय तीन आणि तास एक. संयोजकांनी फोनवर विचारलं होतं, "बाई, एकच घेता का?" मी म्हणाले, तिन्हीचं मूळ एकच आहे, होतंय सगळं. आता इथं उभी राहिल्यावर वाटतंय, त्यांचं ऐकायला हवं होतं. येताना शेंगाचटणीचा एक पुडा आणलाय, तो टेबलावर ठेवते. कशासाठी, ते शेवटी सांगेन.

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण ज्यानं काढली त्याच्यावर माझा जुना राग आहे. इतकी वर्षं मानसशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी पहिल्याच तासाला कुणीतरी ही म्हण माझ्या तोंडावर फेकायचंच. औषध नसेल तर मी पगार कशाचा घेत होते?

आमच्या अप्पांचं सांगते. अप्पा आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात चादरीच्या एका कारखान्यात जॉबर होते. इथं जॉबर म्हणजे काय ते सांगायला नको, पण पुण्याहून आलेले पाहुणे बसलेत म्हणून सांगते: माग अडला की पाना घेऊन धावायचं, तो जॉबर. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर सुताचं तूस. आणि ते आले की आम्ही भावंडं मागच्या दारानं बाहेर. अप्पा रागीट. गल्लीला माहीत, नातेवाइकांना माहीत. एकदा ताट भिरकावलं होतं, त्याचा भिंतीवरचा आमटीचा डाग दोन दिवाळ्या तिथंच होता. दुसऱ्या दिवाळीला चुना लावला, तरी तो खालून दिसायचाच.

अप्पा गेले. तेराव्याला एक म्हातारे विणकर भेटायला आले, पद्मशाली, तेलुगू वळणाचं मराठी. डोळ्यांना पंचा लावून म्हणाले, "अप्पा म्हणजे देवमाणूस. वीस वर्षांत एकदा आवाज चढला नाही." माझी आई स्वयंपाकघरातून दारापर्यंत आली. त्यांच्याकडं बघितलं, मग मला हळूच विचारलं, "हे आपल्याकडंच आलेत ना?" (हशा)

हसा. मीही हसले, पण नंतर ती गोष्ट डोक्यातून जाईना. कारखान्यात माग सुरू असले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, खुणांनी बोलतात. तिथं आवाज चढवायचा कुणावर, आणि ऐकायचा कुणी? त्यात मागाशी भांडून माग चालत नाही. धागा का तुटतोय ते शोधावं लागतं. घरी मात्र महिन्याच्या दहा तारखेनंतर आई पैशाचा विषय काढायची. पुढं कधीतरी मी तिला सरळ विचारलं, अप्पा खरंच इतके रागीट होते का गं? ती म्हणाली, "रागीट नव्हते. हिशेब विचारला की रागीट व्हायचे."

माझी आई चौथी शिकलेली. तिचं हे वाक्य मला पुढं छापील स्वरूपात भेटलं. वॉल्टर मिशेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली पुस्तक लिहून स्वभावशास्त्रात खळबळ उडवून दिली होती. स्वभावचाचणीत माणसाला किती गुण मिळाले यावरून तो एखाद्या प्रसंगात कसा वागेल याचा अंदाज बांधला, तर सहसंबंध साधारण ०.३० च्या आतच येतो, असं त्याचं म्हणणं. शून्य म्हणजे काहीच मेळ नाही, एक म्हणजे पूर्ण मेळ. म्हणजे अगदीच शून्य नाही, पण मुलगी द्यावी इतकाही नाही. पुढं त्यानं आणि युइची शोडा यांनी एका उन्हाळी शिबिरातल्या मुलांचं वागणं तासन्‌तास नोंदवलं. कुणी मोठ्यांनी दटावलं की अंगावर जायचं, पण सवंगड्यानं डिवचलं तर गप्प राहायचं. कुणाचं नेमकं उलटं. वर्षाअखेर दोघांच्याही प्रगतिपुस्तकात शेरा एकच, 'भांडखोर'. पण 'केव्हा' विचारलं की दोन वेगळी मुलं दिसतात, आणि तो 'केव्हा' बऱ्यापैकी पक्का असतो. आईचंही तेच म्हणणं होतं, फक्त तिच्याकडं शिबिराचा खर्च झाला नव्हता.

आता दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर मागच्या रांगेतले माझे जुने सहकारी चहाच्या वेळी पकडतील. सेमूर एपस्टाइन यांनी १९७९ साली दाखवलं, एका दिवसाचं वागणं घेऊ नका, बऱ्याच दिवसांची सरासरी काढा, मग स्वभाव चांगला ठळक दिसतो. बरोबर आहे. स्वभाव नसतोच असं मी म्हणतच नाही. सोलापूरची सरासरी काढली तर ऊनच निघणार, पण म्हणून जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला कुणी स्वेटर घरी ठेवून जात नाही.

ही सरासरी ऐकायला मात्र आपल्याला फार आवडते. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि आठवड्यानं प्रत्येकाला 'तुझं वर्णन' म्हणून एक कागद दिला. किती जुळतं? पाचपैकी गुण द्या. सरासरी आली ४.२६. कागद सगळ्यांना एकच होता, वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून उचललेली. मी हा प्रयोग दरवर्षी वर्गात करायची. 'तुमच्यात बरंच काही आहे, पण त्याचं चीज झालेलं नाही' हे वाक्य घातलं की पोरं खाली मान घालून हसायची. शेवटी फोड करून सांगितलं तरी एकीनं मधल्या सुट्टीत गाठलंच: "मॅडम, ते कळलं. पण माझ्या ताईचंही बघता का? तिचं जमत नाहीये कुठं."

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' अजून नाती आणि शिकणं राहिलंय. बरं.

नाती. जोडप्यांवरच्या अभ्यासांचा आढावा ब्रॅडबरी आणि फिंचम यांनी १९९० साली घेतला. संसार बरा चाललेला असेल तर नवरा उशिरा आला की बायको म्हणते, गाडी चुकली असेल. विस्कटलेला असेल तर म्हणते, हा माणूसच असला. आणि विस्कटलेल्या घरात नवऱ्यानं गजरा आणला तर? 'काहीतरी काम असेल.' वाईट केलं की स्वभाव, चांगलं केलं की योगायोग. नवऱ्यांचं गणितही हेच, उगीच खूश होऊ नका.

यातलं मला सगळ्यात प्रिय काम जोन मिलर यांचं, १९८४ सालचं, शिकागो आणि म्हैसूरचं. आपली गोलगुंबज एक्सप्रेस जाते तेच म्हैसूर. एक प्रसंग असा: वकील मोटारसायकल चालवतोय, अपघात होतो, मागे बसलेला जखमी. वकील त्याला दवाखान्यात सोडून कोर्टात निघून जातो आणि तो माणूस दगावतो. शिकागोचे लोक वकिलाच्या स्वभावात कारण शोधत होते. म्हैसूरचे म्हणत, वकील आहे, कोर्टात जाणं भाग होतं, गांगरलाही असेल. गंमत म्हणजे आठ वर्षांच्या मुलांत दोन्हीकडं फारसा फरक नव्हता, तो वयानं वाढत गेला. म्हणजे परिस्थिती बघायची सवय आपल्याकडं घराघरात लावली जाते. फक्त सुनेचा विषय निघाला की आपण एका रात्रीत शिकागोचे होतो. (हशा)

पाच मिनिटं. शिकणं, पळत पळत. 'आमचा बंड्या ढ आहे' हाही स्वभावाचाच शेरा. त्याची नवी आवृत्ती म्हणजे 'आमचा व्हिज्युअल लर्नर आहे', म्हणजे डोळ्यांनी बघूनच शिकणारा. बोटांचे ठसे घेऊन हे सांगणारे लोक आहेत आणि त्यांना पैसे देणारे आईबाप माझ्या ओळखीचे आहेत. २००८ साली पॅशलर आणि इतर तिघांनी तपासलं, की मुलाच्या अशा शिकण्याच्या शैलीप्रमाणे शिकवल्यानं मूल जास्त शिकतं का. तसं म्हणण्याजोगा पुरावा मिळाला नाही. मग बंड्याला विचारायचं काय? अभ्यास कसा करतोस. रोडिगर आणि कार्पिक, २००६: एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं कागद मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढं, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं उलटं, वाचणारे ४२ वर आले आणि आठवून लिहिणारे ५६ वर. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळं येतंय असं वाटणारा आणि नंतर कोरा होणारा बंड्या यातच सापडतो.

आणि त्या म्हणीचं राहिलंच. २०१७ साली ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०७ अभ्यास एकत्र केले. उपचारांनी स्वभावाचे गुण मोजता येतील इतके बदलतात, सरासरी २४ आठवड्यांत. सगळ्यात जास्त बदलते ती भावनिक स्थिरता. अप्पांना हे मिळालं असतं तर ती भिंत वाचली असती.

दुसरी चिठ्ठी आली, आणि तिकडच्या बायका पिशव्या आवरताहेत, म्हणजे पाणी सुटायची वेळ झाली. एक मिनिट फक्त. वह्या मिटा. फोररच्या वर्गात मुलं किती होती आणि गुणांची सरासरी किती आली? शेजाऱ्याच्या वहीत नाही बघायचं. …३९ बरोबर, ते अर्ध्या हॉलला आलं. सरासरी? कोण म्हणालं ते? मागं, खांबाजवळ. चार पूर्णांक सव्वीस. काकू, तुम्ही तर मगाशी डुलक्या घेत होतात! पुडा त्यांना पोचवा कुणीतरी, आणणारच होते दोन, पण दुकानात एकच शिल्लक होता.