दालेतचा कोपरा

[रात्र. पीठ चाळण्याचा आवाज.]

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला बरो पार्क भाग. इथे हसिदी, म्हणजे परंपरा काटेकोर पाळणाऱ्या ज्यूंची दाट वस्ती आहे. त्यातल्या एका स्वयंपाकघरात रात्रीचे अकरा वाजून गेलेत. चेहरा दाखवायचा नाही, ही या आईची अट आहे. त्यामुळे तुम्हाला तिचे फक्त हात दिसतील.

उद्या तिचा धाकटा तीन वर्षांचा होतोय. जन्मापासून त्याच्या केसांना कात्री लागलेली नाही. ती उद्या लागेल. यिडिश भाषेत या सोहळ्याला ‘अपशेरिन’ म्हणतात. आपण बाळाचं जावळ काढतो, त्याच्या जवळचं काहीतरी. पण इथे पूर्ण मुंडण नाही. कानांजवळच्या बटा राखायच्या असतात, त्या ‘पेयोत’. आलेले पाहुणे एकेक करून पुढे येतात आणि एकेक बट कापतात.

तीनच वर्षं का? लावलेल्या झाडाचं फळ पहिली तीन वर्षं खायचं नाही, असं तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ सांगतो. मूल म्हणजेही रोपच. तीन वर्षं त्याला नुसतं वाढू द्यायचं. मग त्याच्या डोक्यावर किप्पा, म्हणजे छोटी गोल टोपी येते, अंगात चार कोपऱ्यांना गोंडे असलेला त्सित्सित येतो, आणि अक्षरओळख सुरू होते.

[हात. पोळपाटापेक्षा मोठी लाटी.]

म्हणून ही बिस्किटं. कात्रीच्या, किप्पाच्या, झाडाच्या आकाराची, आणि सगळ्यात जास्त अक्षरांची. हिब्रूत बावीस अक्षरं आहेत.

ज्यूंचे खाण्याचे नियम कडक. पिठात किडा-अळी नाही ना, हे चाळून बघितलंय. प्रत्येक अंडं आधी काचेच्या पेल्यात फोडलं, रक्ताचा ठिपका दिसला तर ते बाजूला. लोणी मात्र नाही, मार्गारीन आहे. कारण उद्याच्या जेवणात मांस आहे, आणि मांसानंतर लगेच दुधाचं काही चालत नाही. दूधही नाही, मांसही नाही, अशा पदार्थाला ‘पारेव’ म्हणतात. लाटून कापलेले आकार आधी फ्रिजमध्ये जातात. गार झाल्याशिवाय भट्टीत टाकले तर चरबी आधी वितळते, कडा पसरतात आणि अक्षराचा गोळा होतो.

मला वाटलं होतं, हे सगळं अलीकडचं असेल, फोटोसाठीचं. तसं नाही. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या वर्म्स गावचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) एलाझार यांनी लिहून ठेवलंय, की शावुओतच्या सणाला मुलाला पहिल्यांदा गुरूकडे न्यायचे. अक्षरं लिहिलेल्या पाटीवर मध लावायचे आणि तो मध मुलाने जिभेने चाटायचा. मग मधात मळलेला केक, त्यावर पवित्र ग्रंथातली वचनं लिहिलेली. उकडलेल्या अंड्यावरसुद्धा वचन लिहिलेलं. मुलाने ते वाचायचं आणि खाऊन टाकायचं. यहेज्केल संदेष्ट्याला देवाने लिखित गुंडाळी खायला दिली, आणि ती त्याच्या तोंडात मधासारखी गोड लागली. तीच गोष्ट लहान मुलाच्या जिभेवर आणलेली! म्हणजे आठशे वर्षांपूर्वीच्या आयासुद्धा केकवर अक्षरं उमटवायच्या खटाटोपात असणार. या ओट्याकडे बघताना ते खरं वाटतं.

[जवळून: आयसिंगचा कोन, निळी रेघ.]

आयसिंग दोन प्रकारचं आहे. कडेची रेघ घट्ट, आतला भराव पातळ. भरावावर सुरीने रेघ ओढली, तर ती दहाएक सेकंदांत मिटली पाहिजे. रेघ लगेच मिटली तर आयसिंग कडेवरून वाहून जातं. मिटलीच नाही तर वरचा थर खडबडीत राहतो.

इथे ती थांबते. दालेत आणि रेश ही दोन अक्षरं जवळपास सारखी. वरती आडवी रेघ, उजवीकडून खाली उतरणारी उभी. फरक एवढाच, की दालेतला वर उजवीकडे टोकदार कोपरा आहे आणि रेशचं तेच वळण गोल. आणि ओल्या आयसिंगचा स्वभावच गोल व्हायचा.

‘शमा’ ही प्रार्थना मुलाला अगदी लवकर शिकवतात. परमेश्वर एकच आहे, असं ती सांगते. त्यातला ‘एक’ हा शब्द दालेतने संपतो. दालेतच्या जागी रेश वाचला, तर ‘एक’चा ‘दुसरा’ होऊन बसतो. म्हणून तोराच्या हस्तलिखितात तिथलं दालेत मुद्दाम मोठं काढतात.

तिच्या हातात टूथपिक आहे. ओला कोपरा ती हळूच बाहेर ओढते. आयसिंग परत आत येतं. पुन्हा ओढते. तीनदा. मग बिस्किट पंख्याखाली ठेवते आणि कोपरा धरेपर्यंत तिथून हलत नाही.

[दुसरा दिवस. बायका-मुलांचा गलबला.]

केस कापून झाले. मान एकदम बारीक दिसतेय. आईने पहिली बट कागदात गुंडाळून ठेवलीय.

मध आता येतो, आयत्या वेळी. रात्रीच लावला असता तर आयसिंग ओलं पडून अक्षरं फिसकटली असती. आजोबा चमच्याने अलेफवर, म्हणजे पहिल्या अक्षरावर, थेंब सोडतात आणि म्हणतात, “अलेफ.” मुलगा चाटतो. अलेफ म्हणत नाही. अजून एक थेंब. तो ताटाकडे बघतो, सगळी अक्षरं न्याहाळतो, आणि पुढच्या बिस्किटावर बोट ठेवतो. त्याला आता बेत हवंय.