मॉर्फिनच्या चिठ्ठीवरची दुसरी ओळ

मंडळी, जेवणाच्या सुट्टीआधी शौचाचा विषय काढतेय, राग मानू नका. घरी जाऊन रुग्ण बघताना माझी पहिली चौकशी हीच असते, "पोट साफ झालं का?" दुखण्याचं त्यानंतर.

एक आजोबा आठवतात. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत उतरलेला. दर चार तासांनी मॉर्फिनची, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या तीव्र वेदनाशामकाची, गोळी सुरू झाली आणि कित्येक महिन्यांनी माणूस कुशीवर झोपला. पंधरा दिवसांनी गेले तर पुन्हा कण्हत होते. गोळ्या उशीखाली, कागदाच्या पुडीत. म्हणाले, "ताई, दुखणं सोसेन, पण गोळीपायी हे कुंथणं नको." 1985च्या अमली पदार्थ कायद्यापायी मॉर्फिन मिळणं किती दुरापास्त झालं होतं, ते इथल्या ज्येष्ठांना ठाऊक आहे. 2014च्या दुरुस्तीने वाट जरा मोकळी झाली. आणि एवढ्या खटपटीने हाती आलेली गोळी उशीखाली जाते!

आठवडाभर त्यांना झालं नव्हतं. सूनबाई रोज रात्री इसबगोल देत होत्या, आपल्याकडे सगळे देतात तसं. पण आजोबा दिवसभरात जेमतेम दोन पेले पाणी पीत. आतडं मंदावलेलं असताना इसबगोल फुगून तिथेच बसतं. मग एकाएकी पातळ होऊ लागलं. घरचे घाबरले आणि एका दवाखान्यातून जुलाब थांबवायला लोपेरामाईड घेऊन आले. ते तर आतड्यावर मॉर्फिनसारखंच काम करणारं औषध! मी हातमोजा चढवून बोटाने तपासलं. मळाचे खडे गच्च बसले होते आणि पातळ मळ त्यांच्या कडेने झिरपत होता. तो जुलाब नव्हताच.

मूळ चिठ्ठीवर मॉर्फिन होतं, पण दुसरी ओळ, पोट साफ करणाऱ्या रेचकाची, नव्हतीच. याचा मला आजही संताप येतो. मॉर्फिनची मळमळ, गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. आतड्याला मात्र त्याची सवय होत नाही. आतड्याच्या लाटा मंदावतात, मळातलं पाणी जास्त शोषलं जातं, गुदद्वाराचा स्नायू आवळलेला राहतो. गोळी चालू तोवर हे चालूच.

पाच मिनिटं उरल्याची खूण झाली. मुख्य भाग राहिलाय, भरभर सांगते. आजाराआधीची सवय विचारा. शेवटचं कधी झालं, खडा होतो का, कुंथावं लागतं का, झाल्यावरही अर्धवट वाटतं का, हे विचारा. पोट फुगलंय, कळा येताहेत, उलट्या होताहेत, वारा सरत नाही, असं असेल तर आतडं अडकलेलं असू शकतं. रेचक देऊ नका, तातडीने रुग्णालय गाठा. एरवी मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासून रात्री आतडं हलवणारं रेचक, बिसाकोडिल किंवा सोनामुखीची गोळी, जोडीला लागेल तसं मळ मऊ करणारं लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर. दर दोन-तीन दिवसांनी विचारून डोस बदला. खडे अडकले असतील तर आधी खालून मोकळं करा, गुदद्वारातली गोळी किंवा एनिमा देऊन. इतक्यानेही भागलं नाही तर आतड्यावरचा मॉर्फिनचा परिणाम रोखणारं मिथाइलनाल्ट्रेक्झोनचं इंजेक्शन आहे. ते मेंदूत फारसं जात नाही, म्हणून वेदनाशमन टिकतं.

आणि आडोसा. आजोबांना सुनेसमोर शौचाचं भांडं घ्यायची लाज वाटायची, म्हणून ते दाबून ठेवत. एनिमा दिला, रेचक सुरू केलं, खाटेशेजारी कमोडची खुर्ची, पायाखाली पाट आणि मध्ये आजींचं जुनं लुगडं टांगलं. तिसऱ्या दिवशी सूनबाईंचा फोन आला, "ताई, झालं. गोळीही मागून घेतली."