दोनच्या पुढचा आकडा

नमस्कार. क्वांटम जग, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांचे जग, आपल्या नेहमीच्या जगाहून वेगळे आहे, हे वाक्य आपण पुष्कळदा ऐकतो; पण ते किती वेगळे आहे, हे मोजता येते का? येते, आणि त्यासाठी लागणारे गणित साध्या बेरीज-वजाबाकीचे आहे, म्हणूनच मला या विषयाचे अजूनही अप्रूप वाटते.

एकाच स्रोतातून निघालेले दोन कण एकमेकांपासून दूर असलेल्या दोन प्रयोगशाळांत पोहोचले आहेत, असे समजू. पहिल्या प्रयोगशाळेत ‘क’ किंवा ‘ख’ यांपैकी एक मापन करायचे, दुसरीत ‘प’ किंवा ‘फ’. उत्तर दर वेळी +१ किंवा −१. अभिजात, म्हणजे क्वांटमपूर्व, भौतिकीच्या समजुतीप्रमाणे ही चारही उत्तरे मोजण्याआधीच ठरलेली असतात आणि एका ठिकाणच्या निवडीचा दुसऱ्या ठिकाणच्या उत्तरावर परिणाम होत नाही. आता ही राशी कागदावर लिहून पाहा:

क × (प + फ) + ख × (प − फ)

प आणि फ सारखे असले तर दुसरा कंस शून्य होतो, वेगळे असले तर पहिला. उरतात ते +२ किंवा −२. त्यामुळे सरासरी २ च्या वर जाऊच शकत नाही. कंस सोडवले की क × प, क × फ, ख × प आणि ख × फ असे चार गुणाकार मिळतात; कणांच्या एका जोडीवर चारपैकी एकच गुणाकार मोजता येतो, म्हणून प्रत्यक्षात चारही गुणाकारांच्या सरासरी वेगवेगळ्या जोड्यांवरून काढाव्या लागतात, आणि कोणते मापन करायचे याची निवड पूर्णपणे यादृच्छिक ठेवावी लागते.

या विचाराचा पाया भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी १९६४ मध्ये घातला; वरच्या मांडणीचे श्रेय क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांच्या १९६९ च्या शोधनिबंधाला जाते. क्वांटम यांत्रिकी मात्र ही सरासरी २√२ पर्यंत, म्हणजे सुमारे २.८३ पर्यंत, जाऊ देते.

२०१५ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे हिऱ्यांतील इलेक्ट्रॉन १.३ किलोमीटर अंतरावर ठेवून हे मापन झाले. एवढे अंतर कापायला प्रकाशाला सुमारे ४.३ मायक्रोसेकंद लागतात, आणि दोन्हीकडची निवड व नोंद त्याच्या आत उरकली, त्यामुळे एकीकडची बातमी दुसरीकडे पोहोचण्यास अवधीच नव्हता. २४५ चाचण्यांतून आकडा आला २.४२, अनिश्चितता ±०.२०.

तेव्हा आपण धरलेल्या गृहीतकांपैकी निदान एक तरी सोडावेच लागते. कोणते, याविषयी भौतिकशास्त्रज्ञांचे अजून एकमत झालेले नाही.