एकेक बिट हाताने ओवलेला

पडद्यावर दिसतेय ती तारांची जाळी म्हणजे जुन्या संगणकाची मेमरी. आणखी जवळून पाहा. तारा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे प्रत्येक ठिकाणी एक बारीकशी काळी कडी आहे. ती फेराइटची, भट्टीत भाजून केलेली. व्यास जेमतेम २ मिलिमीटर. तिचं चुंबकत्व एका दिशेला असलं तर शून्य, उलट दिशेला असलं तर एक. एका कडीत मावतो तो फक्त एक बिट.

हजारो कड्यांमधली नेमकी एक कशी गाठायची? आडव्या तारेतून निम्मा प्रवाह सोडायचा, उभ्या तारेतून निम्मा. दोन्ही जिथे भेटतात, तेवढ्याच कडीचं चुंबकत्व फिरतं. बाकीच्या जशाच्या तशा. ही युक्ती मला आजही थक्क करते. पण ती साधायची तर प्रत्येक कडी ठरलेल्या प्रवाहालाच फिरायला हवी, म्हणून कड्या एकेक करून तपासून घ्याव्या लागत.

आणि मग ओवणं. बहुतेक रचनांमध्ये एवढ्याशा छिद्रातून तीन-चार तारा जायच्या. १९५३ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकात ही कोअर मेमरी बसवली गेली. पुढे कारखान्यांतून ती विणली ती मुख्यतः स्त्रियांनी, भिंगाखाली नजर रोखून. एमआयटीत ही मेमरी विकसित करणाऱ्या जे फॉरेस्टर या अभियंत्याचं नाव इतिहासात आहे, ते योग्यच. या स्त्रियांची नावंही तिथे असायला हवी होती.

आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने टिफ्रॅक हा संगणक उभारला, १९६० मध्ये तो कामाला लागला. त्यातही हीच मेमरी होती: २,०४८ ‘शब्द’, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो ते बिटांचे गट, प्रत्येक ४० बिटांचा. म्हणजे ८१,९२० बिट, आजच्या हिशेबाने अवघे १० किलोबाइट! शिवाय २,७०० व्हॅक्यूम ट्यूब (निर्वात काचनळ्या), १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर, सगळे एकमेकांना जोडलेले. ट्यूब तापायच्या, जळायच्या, मग शोधून बदलायच्या.

सुरुवातीला कोअर मेमरीच्या एका बिटामागे साधारण एक डॉलर पडत असे. ओवण्याची यंत्रं आली, काम स्वस्त मजुरीच्या देशांत गेलं आणि हा खर्च हळूहळू एका सेंटाच्या आसपास उतरला. १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही मेमरी चिप बाजारात आली. तिच्या एका तुकड्यावर १,०२४ बिट होते, आणि त्यासाठी कुणाला एकही तार ओवावी लागली नव्हती.