लिंबूटिंबू नाही, भिडू

[दृश्य: शाळेचं पटांगण, मधली सुट्टी]

घंटा होते आणि चारशे मुलं एकदम बाहेर पडतात. डब्यांची झाकणं, नळावरची रेटारेटी, खिचडीच्या पातेल्यावर आपटणारा डाव, एकमेकांत घुसलेले तीन-चार खेळ. मोठ्या माणसांना हा कल्ला गोड वाटतो. व्हरांड्याच्या टोकाला मात्र एक मुलगा दोन्ही कानांवर तळवे दाबून फिरतोय. या खांबापासून त्या खांबापर्यंत, आणि परत.

त्याला ओंकार म्हणू. नेमका असा ओंकार कुठल्या एका शाळेत सापडणार नाही. अनेक मुलामुलींच्या सवयी गोळा करून आम्ही तो उभा केलाय. चौथीत आहे. पुण्याहून सुटणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक त्याला तोंडपाठ आहे. ‘डबा खाल्लास का?’ याचं उत्तर मात्र कधी लगेच येतं, कधी पाच मिनिटांनी, कधी येतच नाही. ओंकार स्वमग्न आहे. त्याला ऑटिझम आहे, म्हणजे त्याच्या मेंदूची घडणच वेगळी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. म्हणजे मोठ्या शाळेच्या पटावर अशी तीन-चार मुलं सहज असणार. त्यातल्या काहींचं निदान कागदावर असतं, काहींना नुसतीच ‘हट्टी’, ‘घुम्या’ अशी नावं पडलेली असतात. मुलींचं तर अनेकदा लक्षातच येत नाही. इतरांचं बघून बघून त्या वागणं उचलतात, दिवसभर ते निभावतात आणि घरी गेल्यावर दप्तर टाकून रडत बसतात.

ही फिल्म ओंकारबद्दल थोडी आहे. त्याच्या वर्गातल्या बाकीच्या एकोणचाळीस जणांबद्दल जास्त आहे.

[दृश्य: वर्ग, बाकांच्या रांगा]

अशा मुलासाठी काही करायचं ठरलं, की शाळेला पहिलं सुचतं ते हेच: ओंकारला शिकवू या. नमस्कार कसा करायचा, समोरच्याकडे बघून कसं बोलायचं, आपली पाळी येईपर्यंत कसं थांबायचं. अमेरिकेत कॉनी कसारी या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. २०१२ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या शाळांत शिकणारी ६० स्वमग्न मुलं होती. काहींना थेट सामाजिक कौशल्यं शिकवली. काहींच्या बाबतीत त्या मुलाला काहीच शिकवलं नाही. त्याच्या वर्गातल्या तिघांना बोलावलं आणि पटांगणावर एकट्या पडणाऱ्या मुलाला खेळात कसं ओढायचं ते त्यांना शिकवलं. काहींसाठी दोन्ही केलं, काहींसाठी काहीच नाही. सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटं. वर्गातल्या मैत्रीच्या जाळ्यात स्वमग्न मुलाची जागा जास्त सुधारली ती वर्गमित्रांना शिकवल्यामुळे.

बारा बैठका. स्नेहसंमेलनाच्या तालमींना आपण याहून जास्त वेळ देतो.

याहून जुनं उदाहरण हवं असेल तर थेट पहिल्या मुलाकडे जाऊ. १९४३ साली बाल्टिमोरच्या डॉक्टर लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर एक निबंध लिहिला. आज आपण ज्याला ऑटिझम म्हणतो त्याचं चित्र बऱ्याच अंशी त्या निबंधातून उभं राहिलं. अकरांतला पहिला होता डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा. तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला दूरच्या संस्थेत ठेवलं होतं. वर्षभराने आईवडिलांनी परत आणलं. पुढे तो गावच्या शाळेत शिकला, १९५८ साली पदवीधर झाला, बँकेत नोकरीला लागला. सत्ताविसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकला, गोल्फ खेळला, एकटा देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली ८९व्या वर्षी वारला. ओळखीच्या माणसांना तो आकडे द्यायचा आणि कुणाचा आकडा कुठला हे कधी विसरायचा नाही. गावालाही त्यात वावगं काही वाटेनासं झालं. घरची श्रीमंती होती, बँकेत घराण्याचा वाटा होता, हे विसरून चालणार नाही. पण पैसा पटांगणावर भिडू आणून देत नाही. ते गावातल्या पोरांच्या मनावर असतं.

[दृश्य: बाई फळ्यासमोर, मुलं ऐकतायत]

मग वर्गाला सांगायचं काय? बरेच शिक्षक ‘त्याला जरा सांभाळून घ्या हं’ एवढं म्हणून मोकळे होतात. चौथीच्या मुलाने यातून काय समजायचं? त्याला कारण हवं असतं, आणि नेमकं काय करू ते हवं असतं.

त्याआधी एक अट, आणि ती मोडायची नाही. ओंकारच्या आईवडिलांना आणि खुद्द ओंकारला विचारल्याशिवाय वर्गासमोर त्याचं नाव आणि निदान एकत्र उच्चारायचं नाही. काही घरांना ते उघड बोललेलं हवं असतं, काहींना नको असतं. नको असेल तर नाव न घेता बोलता येतं, कारण कुणाला गोंगाट सहन होत नाही आणि कुणाला शांतता, हे प्रत्येक वर्गात असतंच. आणि सांगताना ओंकारने वर्गात बसायचं की नाही, हे त्याने ठरवायचं.

आता एक करून बघा. एका मुलीला फळ्यावर गुणाकार घाला. ती सोडवत असताना एकाने बाक बडवायचा, दुसऱ्याने तिच्या कानाशी धडा वाचायचा, तिसऱ्याने मानेवर कापडाचं खरखरीत लेबल घासायचं. मिनिटभरात गुणाकार चुकतो, नाही तर ती ‘अरे, थांबा ना!’ म्हणून ओरडते. तिच्यासाठी हे मिनिटाचं होतं. ओंकारची शाळा अकरा ते पाच असते.

हे इथेच थांबवलं तर मुलांना नुसती दया येते, आणि दया चार दिवसांत विरते. म्हणून लगेच पुढचं सांगावं. सगळ्या स्वमग्न मुलांना आवाज टोचत नाही. काहींना उलट जास्त आवाज, घट्ट मिठी, गोल गोल फिरणं हवंहवंसं वाटतं. हात फडफडवणं, डुलणं, एकच जाहिरात पुन्हा पुन्हा म्हणणं यातून त्यांना बरं वाटतं, आनंदही व्यक्त होतो. काही मुलं तोंडाने बोलत नाहीत, चित्रांच्या कार्डांवर किंवा टॅबलेटवर बोट ठेवून सांगतात. त्यांना कळतं मात्र अनेकदा आपण समजतो त्याहून कितीतरी जास्त. एक ओंकार ओळखीचा झाला म्हणून दुसराही ओळखीचा झाला, असं होत नाही.

भाषेची गंमत मुलांना फार पटकन कळते. आपण म्हणतो, ‘पोटात कावळे ओरडतायत.’ ओंकार पोटाकडे बघतो. बाई विचारतात, ‘पुस्तक उघडता येईल का?’ तो ‘हो’ म्हणतो आणि बसून राहतो. त्याने प्रश्नाचं उत्तर दिलंय. बाईंना वाटतं उद्धट आहे. म्हणून बोलताना आधी नाव घ्यायचं, एका वेळी एकच गोष्ट सांगायची आणि मग थांबायचं. हे थांबणं सगळ्यांत अवघड जातं, मोठ्यांना तर फारच. मनात दहापर्यंत मोजा.

चूक दरवेळी ओंकारच्या बाजूची असते असंही नाही. २०२० साली एडिंबरातल्या संशोधकांनी प्रौढांना घेऊन आपल्या कानगोष्टींसारखाच एक प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळ्या; पहिल्याला गोष्ट सांगायची, त्याने दुसऱ्याला, असं शेवटपर्यंत. नुसत्या स्वमग्न माणसांच्या साखळीत गोष्ट तितकीच शाबूत पोचली, जितकी इतरांच्या साखळीत. जास्त गळली ती मिश्र साखळीत. घोटाळा दोघांच्या मध्ये होतो, म्हणून दोघांनीही थोडं शिकायचं असतं.

यानंतर मुलांचे प्रश्न येतात, आणि त्यातले निम्मे घरून आलेले असतात. ‘मला पण होईल का?’ नाही, हा साथीचा रोग नाही, मेंदूची घडणच तशी असते. ‘आईने लक्ष दिलं नाही म्हणून झालं?’ नाही. ‘लसीच्या इंजेक्शनमुळे?’ तेही नाही. ज्या लेखामुळे १९९८ मध्ये ही आवई उठली, तो छापणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला. मग कुणीतरी खरा प्रश्न विचारतो: ‘त्याला मध्येच बाहेर जायला मिळतं, आम्हाला का नाही?’

याला ओरडून गप्प करू नये. वर्गाच्या कोपऱ्यात एक सतरंजी टाका आणि ती सगळ्यांना खुली ठेवा. पहिले काही दिवस तिथे गर्दी होऊ दे. नंतर ज्यांना खरंच गरज आहे तेच येतील, आणि त्यात ओंकारखेरीज आणखी कुणीतरी असेल, ज्याच्याबद्दल बाईंना आजवर काही माहीत नव्हतं.

[दृश्य: विषामृताचा खेळ]

आता पटांगण. खरी परीक्षा तिथेच होते, कारण तिथे बाई नसतात.

मुलं ओंकारला खेळात घेतात ती बहुतेक वेळा लिंबूटिंबू म्हणून. त्याच्यावर राज्य येत नाही, तो आऊट होत नाही, त्याने पकडलं तरी ते धरत नाहीत. बघणाऱ्या मोठ्यांना वाटतं, किती समजूतदार पोरं! ओंकारला मात्र कळतं की आपण असलो काय आणि नसलो काय. त्यापेक्षा राज्य घेऊ द्या. आधी नियम सांगा, शक्यतो जमिनीवर खडूने काढून. खेळ मध्येच बदलायचा असेल तर ‘अजून एक डाव, मग लगोरी’ असं आधी कळवा. पाठीवर जोरात थाप मारण्याऐवजी हाताला हात लागला तरी आऊट धरा. आणि त्याने मूठ ओठांशी नेऊन टाइमप्लीज घेतलं तर कारण विचारू नका. ही खूण मराठी पोरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. ‘मला जरा थांबू द्या’ असं न बोलता सांगायची कार्डं तज्ज्ञांनी नंतर छापली.

एका गोष्टीवर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. ओंकार सांगितलेलं खरं मानतो, हे कळल्यावर एखादा टवाळ त्याला सांगतो, ‘जा, सरांना जाऊन हे बोल.’ तो जातो, शिवी उच्चारतो, मार खातो किंवा वर्गाबाहेर उभा राहतो. सांगणारा लांबून हसत असतो. शिक्षकांनी अशा वेळी आधी विचारावं, ‘तुला हे कुणी सांगितलं?’ आणि पाहणाऱ्या मुलांना माहीत असावं की इथे बाईंना नाव सांगणं म्हणजे चहाडी नव्हे.

कधी सगळंच हाताबाहेर जातं. ओंकार जमिनीवर बसतो, किंचाळतो, डोकं आपटतो. पोरं म्हणतात, ‘नाटकं सुरू झाली.’ नाटक करणारा कुणी बघतंय का याकडे लक्ष ठेवतो. ओंकारला त्या क्षणी समोर कोण आहे हेही कळत नसतं. मुलांनी इथे करायचं ते फार थोडं आहे: लांब व्हायचं, गर्दी करायची नाही, एकाने मोठ्या माणसाला बोलवायचं. समजूत घालायला जायचं नाही. आणि तो परत वर्गात आला की त्याच्याकडे टकमक बघायचं नाही.

मदतनीस म्हणून बऱ्याच शाळा वर्गातली एक गुणी मुलगी निवडतात आणि वर्षभर तिला ओंकारशेजारी बसवतात. हे मला अजिबात पटत नाही. तिची सुट्टी जाते, आणि ओंकारला मैत्रीण मिळण्याऐवजी एक छोटी बाई मिळते. चार-पाच जणांचा गट करा, पाळ्या लावा, आणि त्यात रेल्वेची आवड असलेलं एखादं पोर असेल तर ते आधी घ्या.

काही पालक तक्रार घेऊन येतात, की त्याच्यामुळे आमच्या मुलांचा अभ्यास मागे पडतो. त्यांना चहा द्यावा आणि कायदा सांगावा. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचं नाव नव्हतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये ते आहे आणि एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. ओंकार त्या वर्गात कुणाच्या मेहेरबानीने बसलेला नाही.

[दृश्य: मुलं कागदावर काहीतरी लिहितायत]

चौथीनंतर अनेकांची शाळा बदलते, तुकड्या फुटतात, बाईंची बदली होते, आणि जूनमध्ये सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून परीक्षा संपल्यावर ओंकारला मध्ये घेऊन मुलांनी एक पान लिहावं. घंटा होण्याआधी त्याला सांगा. मागून खांद्यावर हात ठेवू नका. डब्यात वरण आणि भात वेगळा लागतो. राज्य घेतो, पण टाइमप्लीज धरायचं. गाड्यांबद्दल विचारायचं असेल तर हातात वेळ ठेवूनच विचारा. शेवटची ओळ ओंकारला लिहू द्यावी, त्याला जे वाटेल ते. पाचवीच्या बाईंनी हे पान शाळा उघडण्याआधी वाचावं आणि पहिल्या दिवशी त्याला अर्धा तास लवकर बोलवावं, वर्ग रिकामा असताना.