फासा कोण टाकतो?

[दृश्य: नागपूर, मे महिन्याची दुपार. सामसूम गल्ली. आतून कूलरचा आवाज.]

नागपुरात मे महिन्यात भरदुपारी बाहेर पडायची सोय नसते. पारा ४५ च्या आसपास, दुकानांची शटरं अर्धी खाली, आणि घराघरांत कूलरसमोर सतरंजी टाकून पोरं मोबाइल घेऊन बसलेली. कोणी लुडो खेळतंय, कोणी जगाचा नकाशा वाटून घेऊन फाशांच्या जोरावर एकमेकांचे देश जिंकतंय. अशा कुठल्याही खोलीत थोडा वेळ बसा, एक वाक्य हमखास कानावर येतं.

"बारा वेळा टाकला, सहा येऊनच नाही राहिला बे! फासा सेट हाये याचा."

दुसरा म्हणतो, "हाव ना. मले घरात जायले एकच पाहिजे, तं तीन येऊन राहिला, चार येऊन राहिला." तिसऱ्याकडे उपाय तयार असतो, "नेट बंद करून चालू कर, मंग येते."

ही तक्रार आम्हाला खुळी वाटत नाही. इतवारीतल्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर पट मांडून खेळणारे लोक फासा सगळ्यांदेखत टाकत. हात दिसायचा, फासा घरंगळताना दिसायचा, कोणी बोटांची करामत केली तर तिथल्या तिथे भांडण व्हायचं. मोबाइलवर दिसतं ते नुसतं चित्र. फासा गोल फिरायला लागतो, तोवर आकडा बहुतेक वेळा ठरूनही गेलेला असतो. तो कुठे ठरला, कोणी ठरवला, हे खेळणाऱ्याला दिसत नाही. मग शंका येणारच. ती चुकीची असेल, पण विचारायचा हक्क त्याचा आहे.

[दृश्य: पडद्यावर फिरणारा फासा. थांबतो. पुन्हा फिरतो.]

आधी ती बारा वेळची गोष्ट मोजून बघू. लुडोत सोंगटी बाहेर काढायला सहा लागतो. एका टाकीत, म्हणजे फासा एकदा टाकल्यावर, सहा न पडण्याची शक्यता सहात पाच. लागोपाठ बारा टाकींत एकदाही सहा न पडण्याची शक्यता शंभरात साधारण ११. एकट्याच्या दृष्टीने हे दुर्मीळ वाटतं. पण पटावर चौघं असतात. चौघांपैकी निदान एकाच्या वाट्याला पहिल्या बारा टाकींत सहा येणारच नाही, असं शंभर डावांत जवळपास ३८ डावांत घडेल. अगदी चोख, निर्मळ फाशाने घडेल. म्हणजे दर दोन-तीन डावांमागे खोलीतला एक जण वैतागून मोबाइल गादीवर आपटणार, आणि त्याची काही चूक नसणार. फाशाचीही नसणार.

नकाशावरच्या लढाईचा हिशोबही असाच आहे. रिस्क या खेळात हल्ला करणारा तीन फासे टाकतो, बचाव करणारा दोन. बरोबरी झाली तर बचाव करणारा जिंकतो. दोन्ही सैनिक बचाव करणाऱ्याचे मरण्याची शक्यता शंभरात ३७, दोन्ही हल्ला करणाऱ्याचे मरण्याची २९, आणि एकेक मरण्याची उरलेली ३४. फायदा हल्ला करणाऱ्याचा आहे खरा, पण किती बारीक! तीन फासे हातात आले की आपण जिंकल्यातच जमा, असं मनाने धरलेलं असतं. प्रत्यक्षात दर दहा हल्ल्यांतले तीन पूर्ण अंगावर उलटतात.

आता यात खेळ बनवणाऱ्यांची एक अडचण आहे, आणि ती सहसा कोणी बोलून दाखवत नाही. खरा फासा माणसाला खरा वाटत नाही. सिव्हिलायझेशन ही गाजलेली गेम-मालिका करणारे सिड मायर यांनी २०१० साली गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत हे उघडपणे सांगितलं. तीनास एक असं बळ असताना चारातली एक लढाई हरायचीच. पण चाचणीला बसलेल्या खेळाडूंना ती एक हार अन्याय वाटायची. शेवटी त्यांच्या चमूने गणितच खेळाडूच्या बाजूला झुकवलं. जपानच्या फायर एम्ब्लम या गेम-मालिकेत २००२ पासून आणखी वेगळी युक्ती आली. नेम लागण्याची शक्यता पडद्यावर ९० टक्के दाखवायची, पण आत दोन आकडे काढून त्यांची सरासरी धरायची. त्यामुळे खरी शक्यता जवळपास ९८ होते. खेळाडू खूश, कारण "नव्वद टक्के" म्हटल्यावर माणसाला जे अपेक्षित असतं तेच घडतं.

एकट्याने मशीनशी खेळायचं असेल तर आम्हाला यात वावगं वाटत नाही. ती गोष्ट सांगण्याची एक तऱ्हा झाली. पण समोर दुसरा माणूस असेल, तर पडद्यावरचा आकडा आणि आतला आकडा वेगळा असणं ही लबाडीच. एकाला दिलेला दिलासा दुसऱ्याच्या खिशातून जातो. रिस्कच्या ऑनलाइन खेळात नशिबाचे टोकाचे फटके कमी करणारी पद्धत वेगळ्या नावाने दिलेली आहे आणि निव्वळ यादृच्छिक पद्धतही वेगळी आहे. खेळ सुरू करणारा निवड करतो. हा रस्ता आम्हाला पटतो. झुकवलेला फासा चालेल, फक्त तो झुकवलाय हे पटाभोवतीच्या सगळ्यांना आधी ठाऊक हवं.

[दृश्य: काळ्या पडद्यावर एकामागून एक उमटणारे आकडे.]

मग खरी चोरी कुठे होते? पहिली जागा फोन. फासा फोनमध्येच टाकला जात असेल आणि सर्व्हर, म्हणजे खेळ चालवणाऱ्यांचा संगणक, तो मुकाट्याने मान्य करत असेल, तर मोड केलेलं, म्हणजे आतून बदललेलं, ॲप घालून कोणीही हवा तो आकडा पाठवू शकतो. म्हणून फासा सर्व्हरवर टाकायचा, फोनने फक्त "टाक" म्हणायचं, हा पहिला नियम. दुसरी जागा संगनमत. चौघांच्या पटावर दोघं आधीच व्हॉट्सॲपवर जोडलेले असतात, किंवा एकच माणूस दोन खात्यांवरून बसलेला असतो. फासा कितीही स्वच्छ असला तरी यावर उपाय नाही. लोक फाशाला शिव्या देतात, आणि खरा दरोडा या बाजूने पडतो.

तिसरी जागा सर्वांत आतली. नुसत्या गणिताने संगणकाला फासा टाकताच येत नाही. तो एका आकड्यापासून सुरुवात करतो, त्याला बीज म्हणतात. त्यावर ठरलेली गणितं करत पुढचे आकडे काढतो. बीज तेच असेल तर आकड्यांची रांगही तीच. १९९७ साली मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी काढलेली मर्सेन ट्विस्टर ही पद्धत जगभर वापरली जाते. तिचे आकडे पसरतात सुंदर, पण कोणाला लागोपाठ ६२४ पूर्ण आकडे बघायला मिळाले, तर त्यापुढचा प्रत्येक आकडा त्याला आधीच काढता येतो. विज्ञानातल्या आकडेमोडीसाठी ती उत्तम आहे. पैजेच्या खेळाला मात्र असं यंत्र चालत नाही.

याचा सर्वांत बोलका दाखला पत्त्यांचा आहे. १९९९ साली एका ऑनलाइन पोकर सॉफ्टवेअरच्या कंपनीने आपली पिसण्याची पद्धत जाहीर करून टाकली. बघा, आम्ही किती निष्पक्ष आहोत, हे दाखवण्यासाठी. अमेरिकेतल्या सुरक्षा तज्ज्ञांनी ती वाचली. बीज म्हणून मध्यरात्रीपासून उलटलेले मिलिसेकंद घेतले होते. दिवसात मिलिसेकंद असतात ८ कोटी ६४ लाख, म्हणजे पत्त्यांच्या जोडाच्या तेवढ्याच मांडण्या शक्य. सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवल्यावर उरल्या साधारण दोन लाख. हातातली दोन आणि टेबलावरची तीन पानं बघितली की त्या दोन लाखांतून नेमकी मांडणी सापडायची, आणि प्रत्येकाच्या हातात काय आहे ते पडद्यावर यायचं. पद्धत उघड केल्याबद्दल त्या कंपनीला आम्ही दोष देत नाही. उघड केली म्हणूनच भोक सापडलं. झाकून ठेवली असती तर ते एखाद्या चोरालाच सापडलं असतं.

चौथी जागा निव्वळ हलगर्जीपणाची. संगणक एका बाइटमध्ये ० ते २५५ असे २५६ आकडे देतो. त्याला सहाने भागून बाकी घेतली की झाला फासा, असं नवशिक्या प्रोग्रामरला वाटतं. पण २५६ ला सहाने पूर्ण भाग जात नाही, चार उरतात. म्हणून फाशाच्या चार बाजूंच्या वाट्याला ४३ संधी येतात, आणि दोन बाजूंच्या वाट्याला ४२. एक ते चार किंचित जास्त पडणार, पाच आणि सहा किंचित कमी. फरक बारीक आहे, पण तो कायमचा आहे. उपाय एका ओळीचा: २५२ आणि त्याच्या वरचा आकडा आला तर टाकून द्यायचा, नवा घ्यायचा.

[दृश्य: विदर्भातलं जंगल. बेहड्याचं झाड, खाली पडलेली फळं.]

फाशाचा संशय आपल्या या मुलखाला नवा नाही. महाभारताच्या वनपर्वातली नळ-दमयंतीची कथा विदर्भाची आहे. दमयंती विदर्भराज भीमाची मुलगी, कुंडिनपूरची. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी असलेलं कौंडण्यपूर म्हणजेच ते कुंडिनपूर, असं परंपरा मानते. नळ भावाशी, पुष्कराशी, द्यूत खेळतो आणि राज्य हरतो, कारण कली त्याच्या अंगात शिरलेला आणि द्वापर फाशांत. सेट केलेल्या फाशाची याहून जुनी आणि स्पष्ट तक्रार कुठली असणार!

पण कथा तिथे थांबत नाही, आणि पुढचा भाग आम्हाला फार मोलाचा वाटतो. नळ सारथी होऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा रथ विदर्भाकडे हाकत असतो. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण एक नजर टाकतो आणि फांद्यांवरची पानं आणि फळं किती ते सांगतो. फळं दोन हजार पंचाण्णव. नळ ते ऐकून मान डोलावत नाही. तो रथ थांबवतो, झाड पाडतो आणि फळं मोजतो. आकडा जुळतो. मगच तो राजाकडून फाशांची विद्या, अक्षहृदय, शिकून घेतो आणि बदल्यात अश्वविद्या देतो. त्या काळी फासे म्हणून बेहड्याची फळंच वापरत. ज्या झाडाची फळं टाकून डाव खेळायचा, त्याच झाडापाशी मोजणी शिकलेला हा राजा पुढे पुष्कराकडून राज्य परत जिंकतो.

तीच मोजणी आज मोबाइलवर करता येते. वही घ्या, किंवा ॲप डावाचा हिशोब देत असेल तर तो उतरवून घ्या. ६०० टाकी जमल्या की प्रत्येक आकडा १०० च्या आसपास यायला हवा. आसपास म्हणजे किती? ८२ ते ११८ पर्यंत कुठलाही आकडा गेला तर निमूट पुढे चला, एवढी ओढाताण साधीच आहे. सहा ७० वरच अडकला तर मात्र शंका रास्त. आणि मोजायचं ते सगळ्यांचं, फक्त हरलेल्या डावांचं नको. आपल्याला सोसावी लागलेली टाक लक्षात राहते, समोरच्याची बुडालेली टाक आपण तेव्हाच विसरतो.

काही लोकांनी तर संगणकाचा आकडा नकोच म्हटलं. ईमेलवरून पटावरचे खेळ खेळवणाऱ्या एका अमेरिकी माणसाने, खेळाडूंच्या फाशाबद्दलच्या तक्रारी ऐकून ऐकून, २००९ मध्ये खरे फासे टाकणारं माणसाहून उंच यंत्रच बांधलं. पट्ट्याने फासे वर न्यायचे, खाली सोडायचे, कॅमेऱ्याने वाचायचे. दिवसाला तेरा लाखांच्या घरात टाकी. त्या जिद्दीबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. पण फासा खरा असला तरी खेळाडूला विश्वास त्या माणसावरच टाकावा लागतो.

[दृश्य: दोन फोन. एक मनीषनगरात, एक कामठीत.]

विश्वास न टाकता फासा टाकता येतो का? येतो. मॅन्युएल ब्लम या संगणकशास्त्रज्ञाने १९८१ साली हा प्रश्न असा मांडला: घटस्फोट झालेलं जोडपं, दोघं वेगळ्या शहरात, गाडी कोणाची हे फोनवर छापा-काटा करून ठरवायचंय, आणि एकमेकांवर काडीचा भरवसा नाही. त्यांनी दाखवलेल्या वाटेचं आजचं रूप असं आहे. मनीषनगरातला मुलगा मनात एक लांबलचक आकडा धरतो आणि त्याचा हॅश पाठवतो. हॅश म्हणजे आकड्यावर ठरलेलं गणित करून काढलेली खूण, जणू बंद पाकीट. ते बघून आतला आकडा कळत नाही, आणि एकदा पाठवल्यावर आत दुसरा आकडा सरकवता येत नाही. कामठीतला मुलगा आपला आकडा उघड पाठवतो. मग पहिला आपला आकडा उघडतो, दुसरा त्याचा हॅश काढून जुळतो का ते बघतो. दोन्ही आकड्यांची बेरीज करायची, सहाने भागायची, बाकीत एक मिळवायचा. दोघांच्या आकड्यांना सहाने भागून ४ आणि ५ बाकी उरत असेल तर बेरीज ९, बाकी ३, फासा ४.

आकडा लांबच हवा. एक ते सहातला एखादा धरला, तर समोरचा सहाही आकड्यांचे हॅश काढून पाकीट फोडल्यासारखंच करेल. आणि दोघांपैकी एकाने जरी आपला आकडा निव्वळ नशिबावर निवडला, तरी फासा खरा पडतो, दुसरा कितीही लबाड असो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. पैसा बाहेर गेला तरी हरल्याचं दुःख जात नाही, आणि खेळणाऱ्या पोरांनी हे मागायलाच हवं: प्रत्येक टाकीचा हिशोब द्या, आणि तो तपासायची किल्लीही द्या.

बंद पाकिटाच्या पद्धतीतही एक फट आहे. मनीषनगरवाल्याला कामठीचा आकडा कळला की आपण हरलोय हे त्याला सर्वांआधी समजतं. मग तो पाकीट उघडतच नाही, नेट गेलं म्हणतो. यावर गणितात उपाय नाही, नियमात आहे. डाव सुरू होण्याआधी वेळ ठरवून घ्यायची, आणि त्या वेळात जो पाकीट उघडणार नाही त्याची ती टाक हरलेली धरायची.